ससा ठसकत नाही

पिंपरीत तेव्हा कारखाने मोजके होते आणि त्यांच्या मधली जागा शेतीची होती. रेल्वेच्या रुळांपासून थोडं आत, ज्वारीच्या शेतांना लागून, एक लहान खासगी औषध कारखाना होता. तो आता नाही. त्याच्या जागी दुसरं काही उभं आहे. पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी त्या कारखान्याच्या प्राणिगृहात सहायक होतो. इंटर सायन्स झालं होतं, पुढे शिकणं परवडणारं नव्हतं, आणि चिंचवड गावठाणात एका खोलीत आणखी दोघांबरोबर राहायची सोय झाली होती. वर्तमानपत्राच्या नोकरीत मी नंतर गेलो.

प्राणिगृह हे कागदावरचं नाव. कारखान्यात सगळे त्याला सशांची चाळ म्हणत. लांबट कौलारू शेड, दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीचे जाळीचे पिंजरे, मधून सिमेंटची वाट. एका टोकाला पांढरे उंदीर आणि गिनीपिग, बाकी सगळी जागा सशांची. दुसऱ्या टोकाला एक खोली होती. तीत दगडी फरशीचं टेबल, नळ, सिरिंजा उकळण्याचा स्टोव्ह आणि वजनाचा काटा. वास सतत असे. सुरुवातीला तो जाणवतो, मग जाणवेनासा होतो. खोलीवरच्या दोघांना मात्र तो जाणवत राहिला. संध्याकाळी मी आलो की ते माझा शर्ट उचलून खिडकीबाहेरच्या तारेवर टांगत आणि मग बोलायला लागत.

प्राणिगृह एका बाईंच्या ताब्यात होतं. औषधशास्त्र शिकलेल्या, मूळच्या नागपूरकडच्या, वय तिशीच्या पुढे. पुण्याहून लोकलने येत. पांढरा डगला घालत आणि कामापुरतं बोलत. कारखान्यात दुसऱ्याही बायका होत्या, बाटल्या धुण्याच्या खात्यात, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

तिसरे मामा. ते माझे कोणी लागत नव्हते. वयाने चाळिशीच्या आसपास, पिंपरीचेच, शेतकरी. सगळे त्यांना मामा म्हणत म्हणून मीही म्हणू लागलो. पिंजरे धुणं, चारापाणी करणं आणि बाई सांगतील तेव्हा जनावर धरणं हे त्यांचं काम.

कारखान्याची मागची भिंत जिथे होती ती जमीन मामांच्या घरची होती. तिघा भावांची सामायिक. थोरला आणि धाकटा ती द्यायला राजी नव्हते. मामा मधले. त्यांनी दोघांना राजी केलं. जमीन गेली तरी घरात कायमचा पगार येईल, असं त्यांचं म्हणणं होतं, कारण कारखान्याने घरातल्या एकाला नोकरी देण्याचं तोंडी कबूल केलं होतं. नोकरी मिळाली, पण कच्ची. कायम करायचं की नाही ते काम बघून ठरणार होतं. नोकरी कच्ची आहे हे कळलं त्या दिवसापासून थोरल्याने मामांशी बोलणं टाकलं. त्याच घरात मामींनी वेगळी चूल मांडली.

हे सगळं मामांनी मला ओळख झाल्यावर लगेचच सांगितलं. शेडमागे सशांसाठी लसूणघास लावलेला होता, तो कापताना. सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही.

“कायम झालो की बोलंल थोरला,” ते म्हणाले. “न्हाई झालो, तर मग त्याचंच खरं.”

त्या वर्षी कारखान्यात लहान मुलांसाठी जंतांवरचं पातळ औषध तयार होत होतं. गोड, नारिंगी रंगाचं, दाट. ते बाजारात जाण्याआधी सशांना तोंडावाटे देऊन बघायचं होतं. अर्ध्या सशांना औषध, अर्ध्यांना तसलाच पाक, पण औषधाविना. दोन्हींची तब्येत रोज बघायची, वजन करायचं आणि शेवटी सगळ्यांना मारून यकृत, मूत्रपिंडं तपासायची. दुसऱ्या गटाला काही होत नाही आणि पहिल्याला होतं, असं दिसलं तर दोष औषधाचा.

तोंडावाटे द्यायची तेव्हाची पद्धत नळीची होती. सशाच्या जबड्यात एक लाकडी पट्टी आडवी बसवत. पट्टीला मधोमध भोक. त्या भोकातून पातळ रबरी नळी घशात सरकवायची, ती पोटापर्यंत न्यायची आणि बाहेरचं टोक आधी पेल्यातल्या पाण्यात बुडवायचं. बुडबुडे आले तर नळी श्वासनलिकेत गेली असं समजायचं आणि काढून पुन्हा घालायची. बुडबुडे आले नाहीत तर सिरिंज लावून औषध सोडायचं. नीट जमलं तर औषधाचा थेंब वाया जात नाही. पण ते नीट जमायला ससा स्थिर राहावा लागतो, आणि तोंडात लाकूड बसवलेला ससा स्थिर राहत नाही.

ससा एरवी आवाज करत नाही. अनेक लोकांना त्याला आवाज आहे हेच माहीत नसतं. पण फार घाबरला की तो ओरडतो, आणि तो आवाज तान्ह्या मुलाच्या आवाजाच्या जवळचा असतो. पहिल्या दिवशी तो शेडच्या बाहेर गेला. बाटल्या धुणाऱ्या बायकांपैकी दोघी दारापर्यंत आल्या आणि आत कोणाचं मूल आहे म्हणून विचारू लागल्या. मी सांगितलं, ससा आहे. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

त्या दिवशी एका सशाचं तोंड फाटलं. दुसऱ्याने पाठीला असा हिसका दिला की मागचे पाय लुळे पडले. बाईंनी काम थांबवलं. नळी नको, असं त्या साहेबांना सांगायला गेल्या. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. तिथे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. बाईंनी नंतर सांगितलं ते एवढंच की मात्रा अचूक गेली पाहिजे, थेंबही सांडता कामा नये. तेवढं पाळलं तर नळी वापरा की काही वापरा, साहेबांना पर्वा नव्हती.

तेव्हा मामा म्हणाले, मी पाजतो.

मामांचा या कामात नावलौकिक होता. पिंपरीत आणि नदीपलीकडे पिंपळे सौदागरला कोणाचा बैल फुगला, कोणाच्या गाईने खाणं सोडलं, की मामांना बोलावणं येई. बांबूचं तिरकं कापलेलं नळकांडं घेऊन ते जात. एकाने वेसण धरायची, मामा बैलाचा जबडा एका हाताने वर उचलणार, नळकांडं गालातून आत सरकवणार आणि तेल, हिंग, ओवा जे काही असेल ते एका दमात रिकामं करणार. बैलाला मान हलवायला वेळ मिळत नसे. लोक म्हणत, मामांच्या हातात जनावर लेकरासारखं होतं.

त्यांनी ससा मांडीवर घेतला, डोकं वर केलं, बोटाने ओठ बाजूला घेतला, सिरिंजचं टोक दातांमागच्या मोकळ्या जागेतून आत घातलं आणि दांडा दाबला. थेंब सांडला नाही. ससा ओरडला नाही. पट्टी लागली नाही, पेला लागला नाही. सगळ्या सशांना पाजून झालं तेव्हा जेवणाची सुट्टीही झाली नव्हती. बाईंनी रिकामी सिरिंज उजेडात धरून बघितली आणि ठीक आहे म्हणाल्या. मामांनी हात धुतले. त्या दिवशी ते जेवणाच्या सुट्टीत नेहमीपेक्षा जास्त बोलले. घराची कौलं बदलायची आहेत, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी काही ससे कोपऱ्यात बसून राहिले. नाकाशी ओलं दिसत होतं आणि कुशी जोराने हलत होत्या. आम्ही पुन्हा पाजलं. त्यानंतर एक मेला, मग आणखी. घास तसाच पडून राहू लागला. साहेब शेडपर्यंत आले. ते सहसा येत नसत. नाकाला रुमाल लावून त्यांनी पिंजऱ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले की औषधातच विष आहे, हे सरबत आता विसरा.

बाईंनी मेलेले ससे टेबलावर ओळीने ठेवले होते. प्रत्येकाच्या कानात खूण असे. त्यांनी मला खुणा वाचायला सांगितल्या. मी वाचल्या. मेलेल्यांत औषधाविना पाक घेतलेले जवळपास औषध घेतलेल्यांइतकेच होते.

“साखरेचं पाणी पिऊन कोणी मरत नाही,” बाई म्हणाल्या. साहेब तोवर गेले होते.

त्यांनी पहिला ससा उघडला. आतडी बघितली नाहीत, सरळ छाती उघडली. फुप्फुसं लालसर, जड होती आणि कापल्यावर आतून चिकट, नारिंगी पाणी आलं. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी मामांना हाक मारली. मामा पिंजरे धुत होते. हात पुसत आले.

“मामा, बैलाला पाजताना औषध चुकून छातीत गेलं तर कसं कळतं?”

“ठसकतो की. ठसकला की सोडायचं. मान खाली करायची.”

“हा ठसकला होता?”

मामा टेबलावर बघत राहिले. “न्हाई,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “येकबी ठसकला न्हाई.”

“ससा तुमच्या बैलासारखा ठसकत नाही. गप्प बसतो आणि छातीत घेतो. तुम्ही डोकं वर केलंत.”

मामांनी बोट पुढे करून कापलेल्या फुप्फुसाला लावलं, बोटांनी चोळून बघितलं, नाकाशी नेलं. पाकाचा वास आला असणार. मग ते नळावर गेले आणि पाणी सोडून बराच वेळ उभे राहिले.

साहेबांचा निकाल दुपारीच आला. शेतकऱ्याला जनावराच्या कामावर ठेवलं ही चूक झाली, त्याला महिनाअखेर मोकळं करा. बाई पुन्हा गेल्या. या वेळी दार उघडं होतं आणि मी बाहेर कागद घेऊन उभा होतो, त्यामुळे थोडं ऐकू आलं. बाई म्हणत होत्या, की त्या हातांत ससा ओरडत नाही, तो धरायचा कसा हे त्या माणसाला कळतं, चूक एकच आहे आणि ती सांगता येण्यासारखी आहे. चाचणी पुन्हा करायचीच आहे, ती त्याच्याच हातून होऊ द्या. एकही जनावर पाजण्याने गेलं तर मी स्वतः त्याला काढते. साहेब म्हणाले, आणि नाही गेलं तर कायम करू, पण पूर्ण चाचणी, शेवटपर्यंत, मधेच सोडून जायचं नाही. बाई म्हणाल्या, शेवटपर्यंत.

हे मामांना मी सांगितलं. ते म्हणाले, बरं.

नवे ससे आले. बाईंनी लगेच औषध सुरू केलं नाही. आधी पाजण्याची सवय, मग औषध, असं ठरलं. जुन्या धोतराचे हातभर रुंद तुकडे फाडून, उकळून घेतले. ससा टेबलावर ठेवायचा, तुकड्यात गुंडाळायचा, चारही पाय आत, डोकं तेवढं बाहेर, आणि तो मांडीवर नव्हे तर टेबलावरच, पोटावर बसलेला, जसा तो पिंजऱ्यात बसतो तसा. डोकं त्याचं त्याने ठेवलेलं. हनुवटीखाली हात द्यायचा नाही. सिरिंजच्या टोकाला रबराची मऊ नळी, नखाएवढी. ती ओठाच्या कडेने, पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथे टेकवायची. एक थेंब सोडायचा. जबडा हलला, गिळलं हे दिसलं, की पुढचा. जबडा थांबला की थांबायचं. ससा दिवसभर थांबला तर आपण दिवसभर थांबायचं, बाई म्हणाल्या, आणि त्या गंमत करत नव्हत्या.

मामांना यातली एकच गोष्ट अवघड होती. हात आपोआप वर जाई. वर्षानुवर्षं वर गेलेला हात. पहिल्या काही दिवसांत बाई समोर बसत आणि हात वर जायला लागला की लाकडी पट्टीने टेबलावर टक करत. मामा हात खाली घेत. नंतर त्यांनी स्वतःच डावं मनगट टेबलाच्या कडेला पंचाने बांधून घ्यायला सुरुवात केली. मी रोज तो पंचा बांधून देत असे आणि काम झालं की सोडत असे.

नुसतं पाणी ससे घेत नव्हते. तोंड फिरवत. मामांनी विचारलं की गूळ चालंल का. उन्हातून कोणी दारात आलं की त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवायचा, ही त्यांच्याकडची रीत. बाईंनी विचार केला. दोन्ही गटांना सारखाच गूळ गेला तर हरकत नाही, असं म्हणाल्या आणि रोजचं प्रमाण ठरवून दिलं. मामांनी गूळ घरून आणला, मामींच्या डब्यातला. तो पाण्यात विरघळवून, फडक्यातून गाळून आम्ही आधी तेवढाच पाजू लागलो.

ही बातमी साहेबांपर्यंत गेली. एकदा ते वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, “काय, पाहुणे आलेत म्हणे तुमच्याकडे. गूळपाणी चाललंय.” बरोबरचे हसले. मामा म्हणाले, “व्हय साहेब,” आणि घासाचा भारा घेऊन पुढे गेले.

बाटल्या धुणाऱ्या बायका आता जेवणाच्या सुट्टीत शेडच्या दाराशी येऊन बघत. आतून आवाज येत नव्हता म्हणून बघायला येत. त्यांतली एक मराठवाड्याकडची होती, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, “मामा, एकदा आमच्या मालकालाबी असंच फडक्यात गुंडाळून औषध पाजा की. लई तोंड फिरवतंय.”

“घेऊन या,” मामा म्हणाले. “पन त्यो चावतोय का ते आदी सांगा.”

सगळ्या हसल्या. मामांच्या हातातला ससा जागचा हलला नाही. थेंब सोडणं चालूच होतं.

मग औषध सुरू झालं. गुळाच्या पाण्याच्या जागी नारिंगी पाक, तोही तसाच थेंबाथेंबाने. पूर्वी जे काम जेवणाच्या सुट्टीआधी होत असे ते आता संध्याकाळपर्यंत चाले. सिरिंज रिकामी झाली की बाई तोंडाखालचं फडकं बघत. नारिंगी डाग दिसला तर तेवढी मात्रा कमी धरायची आणि त्या सशाची वेगळी नोंद करायची. पुढे पुढे डाग दिसेनासे झाले. मनगटाचा पंचाही सुटला. कधी सुटला ते नेमकं लक्षात नाही. एक दिवस मामांनी तो मागितला नाही.

एकही ससा पाजण्याने मेला नाही. औषध घेतलेल्यांचं वजन इतरांइतकंच वाढत होतं. मामा सकाळी शेडचं दार उघडत तेव्हा ससे जाळीशी येऊन उभे राहत, पुढचे पाय जाळीला टेकवून. त्यांना फडक्यात गुंडाळावंही लागत नव्हतं. टेबलावर ठेवलं की ते स्वतःच सिरिंजकडे तोंड नेत. बाईंनी एकदा हे साहेबांना आणून दाखवलं. साहेबांनी बघितलं आणि मान हलवली.

“बास. शेवट झाला की तुमचं काम करून टाकू,” ते मामांना म्हणाले.

मामांनी हात जोडले.

चाचणीच्या अखेरीला ससे मारायचे होते हे मामांना माहीत नव्हतं असं नाही. याआधीही त्यांनी पिंजरे रिकामे होताना बघितले होते. पण तेव्हा मारायचं काम एका पगडीवाल्या म्हाताऱ्याकडे होतं. तो ससा मागच्या पायांनी उलटा धरून मानेवर दांडकं मारत असे आणि मामा तेवढा वेळ घासाकडे जात. तो म्हातारा आता कामावर नव्हता. बाईंना ती रीतही नको होती. कानाच्या कडेच्या शिरेतून झोपेच्या औषधाची मोठी मात्रा द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. सुई त्या घालणार होत्या. धरायचं मामांनी.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी हे मामांना सांगितलं. मी सिरिंजा उकळत होतो. मामांनी विचारलं की धरायला ह्यो न्हाई चालणार का. ह्यो म्हणजे मी, त्यांनी माझ्याकडे बोट केलं. बाई म्हणाल्या, नाही. यांच्या हाताची सशांना सवय नाही. अनोळखी हात लागला की ते बिथरतील, सुई हलेल, दोनदोनदा टोचावं लागेल.

मामा उभेच राहिले. मग म्हणाले, “कसाई परवडला, बाई. त्याला जनावर वळखत तर न्हाई.”

बाईंनी डगल्याची बटणं काढली, डगला खिळ्याला लावला.

“ओळखतं म्हणूनच घाबरणार नाही,” त्या म्हणाल्या. “आपल्या हातात तेवढंच आहे. यायचं नसेल तर आत्ता सांगा. साहेबांना मी सांगेन.”

साहेबांना सांगणं म्हणजे काय ते तिघांनाही माहीत होतं. बाईंच्या लोकलची वेळ झाली होती. त्या गेल्या. मामांनी शेडला कुलूप लावलं. आम्ही रेल्वेच्या फाटकापर्यंत बरोबर चाललो.

सकाळी मी पोचलो तेव्हा शेड उघडी होती आणि पिंजऱ्यांखालची वाट धुऊन झाली होती. मामांनी ससे वजनाला आणत तसेच एकेक करून आणले. टेबलावर ठेवायचे, फडक्यात गुंडाळायचे, कान मोकळा ठेवायचा. बाईंनी एक गोष्ट आधीच सांगितली होती, की पुढच्याला मागचा दिसता कामा नये, म्हणून मी प्रत्येक ससा झाल्यावर शेजारच्या खोलीत नेत होतो. ससे टेबलावर आले की नेहमीसारखं तोंड पुढे करत होते. मामांच्या उजव्या हातात सिरिंज नव्हती. पहिल्या दोघांनंतर त्यांनी गुळाच्या पाण्याची सिरिंज मागितली. बाई म्हणाल्या, पोटात गूळ असला तरी आता तपासणीत फरक पडत नाही. मी भरून दिली. पुढच्या प्रत्येकाला त्यांनी थेंब सोडले, जबडा हलेपर्यंत थांबले, आणि तेवढ्यात बाईंनी सुई घातली. जबडा हलता हलता थांबायचा. मामा मग सिरिंज बाजूला ठेवत, फडकं सोडत आणि ससा माझ्याकडे देत. तो अजून गरम असे.

एकाही सशाला दोनदा टोचावं लागलं नाही. कोणी ओरडलं नाही. दुपारी बाईंनी यकृतं, मूत्रपिंडं काढून बरण्यांत घातली. औषधात दोष निघाला नाही. ते पुढे बाजारात गेलं आणि खूप विकलं गेलं. चिंचवडच्या बाजारपेठेतल्या दुकानात त्याची बाटली मी पुढे अनेकदा बघितली.

मामा महिनाभरात कायम झाले. कार्यालयात बोलावून सही घेतली. त्यांना सही येत होती. परत येऊन त्यांनी पिंजरे धुवायचे राहिले होते ते धुतले.

त्या रविवारी दुपारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. बाईंनाही सांगितलं होतं, पण रविवारी त्या पुण्याहून येत नसत. घर गावठाणात, पुढे ओटा आणि मागे गोठा. गोठ्यात दोन बैल होते. ओट्यावर घोंगडी टाकलेली होती. थोरले भाऊ खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मला बसा म्हटलं आणि गाव कोणतं, वडील काय करतात, लग्न झालं का, हे विचारलं. मामी आणि थोरल्या वहिनी एकाच चुलीवरून ताटं वाढून आणत होत्या. मटण केलं होतं. त्यांच्याकडे चांगली गोष्ट झाली की ते होतंच.

तिघे भाऊ आणि मी एका ओळीत बसलो. मी मामांकडे एकदा बघितलं. ते जेवत होते. भाकरी चुरून रश्शात कालवली होती आणि दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. धाकटा भाऊ मला कारखान्यात आणखी माणसं घेणार का म्हणून विचारत होता. मी माहीत नाही म्हणालो.

मध्येच थोरले मामांना म्हणाले, मान न वळवता, “काम काय असतं म्हनं तिथं?”

“औषध पाजतो सशास्नी.”

“लई दिवस पाजावं लागतं?”

“लागतं.”

“मग पुढं काय करत्यात त्येंचं?”

मामांनी घास गिळला. “मारत्यात,” ते म्हणाले. “मग दुसरे येत्यात.”

थोरल्यांनी पातेल्यातली पळी उचलली आणि मामांच्या ताटात आणखी दोन फोडी वाढल्या.